पेशी कमी, पानथरी मोठी: काढायची की अर्धी बंद करायची?

सोनोग्राफीत पानथरी (प्लीहा) वाढलेली, रक्तात पेशी (प्लेटलेट) ६०,०००. असा रिपोर्ट घेऊन परभणी-हिंगोलीकडची माणसं छत्रपती संभाजीनगर गाठतात, आणि ऑपरेशनच्या धास्तीनं अर्धी होतात. रक्तस्राव नसेल, एखादं ऑपरेशन किंवा केमो अडलेलं नसेल, तर या आकड्याला बहुधा नुसती नजर ठेवणं पुरतं. पपईच्या पानांचा रस इथं कामाचा नाही. एरवी एकतृतीयांश पेशी पानथरीत मुक्कामाला असतात. ती फार फुगली की ९० टक्क्यांपर्यंत तिथंच अडकतात.

करायचंच ठरलं तर पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन, म्हणजे पानथरीच्या काही भागाचाच रक्तपुरवठा बंद करणं. जांघेत तेवढीच जागा बधिर करून धमनीतून दीडेक मिलिमीटरची नळी पानथरीच्या धमनीत नेतात. टोक स्वादुपिंडाच्या फांद्यांच्या पुढं गेलेलंच हवं, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते. मग ३०० ते ५०० मायक्रॉनचे कण थोडे थोडे सोडायचे, मध्ये मध्ये डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) टाकून किती भाग बंद झाला ते बघायचं. ५० ते ७० टक्क्यांवर थांबायचं. खरं कसब या थांबण्यातच आहे. १९७०च्या दशकात सुरुवातीला सगळाच रक्तपुरवठा तोडून पाहिला, तेव्हा पू होऊन रुग्ण दगावले. कमी बंद केलं तर पेशी पुन्हा घसरतात. पानथरी अवाढव्य असेल तर दोन टप्प्यांत करणं बरं.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी २ आठवडे आधी. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलेलं हवं, डायचा भार किडनीवर येतो. पोटात पाणी भरलेलं असेल, कावीळ चढलेली असेल, तर हा उपाय बहुधा टाळतात.

नंतर ताप, डाव्या बरगडीखाली दुखणं, उलट्या हे जवळजवळ ठरलेलं. आठवडाभर, कधी दोन. पेशी काही दिवसांतच चढतात, दोनेक आठवड्यांत कळस गाठतात, मग थोड्या उतरून स्थिरावतात. घोळ होतो तो घरी गेल्यावर. गावातल्या दवाखान्यात तापावर डायक्लोफेनॅकची सुई मिळते. लिव्हर खराब असलेल्याला (पानथरी बऱ्याचदा त्यामुळंच वाढलेली असते) ती रक्तस्रावाला आणि किडनीला महागात पडते. पॅरासिटामॉल चालतं, तेही दिवसाला २ ग्रॅमच्या आत. उतरलेला ताप थंडी वाजून पुन्हा चढला तर पू झाल्याची शंका घ्यायची, पोट अचानक फुगलं तर पोर्टल शिरेत (लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या) गुठळी झाल्याची. दोन्हींत गावात सलाईन लावत बसायचं नाही. जिथं प्रक्रिया झाली तिथं त्याच दिवशी जायचं, डिस्चार्ज कार्ड आणि सीडी सोबत घेऊन.