तीन फोनचे तीन ००४५
बाहेर जळगावचं ऊन, म्हणून दुपारभर लॅपटॉप. साडेतीन हजार फोटो, नावं सगळी 'आयएमजी_००४५' छाप; तीन फोनमधून आलेले, म्हणून ००४५ही तीन. एक्झिफटूल म्हणजे फोटोत दडलेली माहिती वाचणारा प्रोग्रॅम; त्याची एका ओळीची स्क्रिप्ट: फोटोच्या पोटातली काढल्याची तारीख-वेळ वाचायची, तेच नाव द्यायचं. (आधी कॉपीवर चालवली. एकदा हात पोळलाय.)

'२०१७१२२४_१३०५४१' उघडला तर शेतातली भरीत पार्टी, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर काळी पडलेली वांगी, धुरात डोळे चोळणारे नाना.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले तसेच राहिले. ती माहिती पाठवतानाच गळते. जुन्या कॅमेऱ्यातलं ताईचं लग्न तर थेट १ जानेवारी २००५ला लागलं! सेल संपला की त्याचं घड्याळ मागे जायचं.

मागून माय: "काय करी ऱ्हायना रे? तो नानाना फोटो माले धाड."