नातीचं ग्रॅज्युएशन आणि अर्ध्या तासाचं घड्याळ

सगळ्यात आधी छत्रीचं सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाहीये. अमेरिकेत ग्रॅज्युएशनचा कार्यक्रम स्टेडियममध्ये असेल तर बहुतेक ठिकाणी छत्री आत नेऊ देत नाहीत. पाऊस कोसळत असला तरी नाही. मागच्याला दिसत नाही आणि काडी कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून. कारण पटण्यासारखं आहे हो, पण ते मला कधी कळलं तर सकाळी आठ वाजता, गेटवर, पैठणी नेसून उभी असताना, आणि आभाळ असं काळंनिळं झालेलं की सोलापूरला वळवाच्या आधी होतं अगदी तसं. गेटवरच्या पोराने माझी तीन घडीची छत्री हातात घेतली आणि सरळ शेजारच्या कचऱ्याच्या पिंपाकडे निघाला! मी त्याच्या हातातून परत घेतली. चांगली छत्री होती, दोन पावसाळे काढलेली. मग जावई ती गाडीत ठेवायला गेले, गाडी लांबच्या पार्किंगला, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. तोपर्यंत मी, हे आणि लेक गेटच्या बाहेर.

माझी पर्सही चालली नाही. पिशवी पारदर्शकच हवी, बारा बाय सहा बाय बारा इंचांची, नाहीतर झिपलॉकची मोठी पिशवी. हातात मावेल एवढं छोटं पाकीट तेवढं चालतं. लेकीने झिपलॉक आणलेली होती म्हणून बरं, त्यात यांच्या बीपीच्या गोळ्या, माझा चष्मा, रुमाल आणि नातीसाठी आणलेला चांदीचा करंडा, सगळं जगाला दिसेल असं. पेढ्यांचा डबा मात्र छत्रीबरोबर गाडीत गेला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे.

नात म्हणजे लेकीची लेक, चार वर्षांची डिग्री झाली तिची, शिकागोपासून काही तासांवरच्या एका युनिव्हर्सिटीत. व्हिसा, तिकीट, विमान याबद्दल मी काही लिहीत नाही, मुंबईत बीकेसीला व्हिसाचा इंटरव्ह्यू झाला दोन मिनिटांत, विमानतळावर व्हीलचेअर मिळाली, सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं सगळं घोडं अडलं ते त्या स्टेडियममध्ये, आणि त्याबद्दल कुणीच काही सांगितलेलं नव्हतं म्हणून हे लिहितेय.

तर आत गेलो, नऊ वाजले होते. साडेनऊला कार्यक्रम. खाली हिरवळीवर हजारो खुर्च्या मांडलेल्या, आम्ही वरच्या पायऱ्यांवर. हवा एकदम थांबलेली. हे म्हणाले, "अगं, हा येणार." चाळीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलंय यांनी, आभाळाकडे बघून बोलतात ते खोटं होत नाही सहसा. आणि दहाच मिनिटांत स्टेडियमच्या मागे वीज चमकली. लगेच स्पीकरवर सूचना, सगळ्यांनी उठून स्टँडच्या खाली आडोशाला जा. उठलो. गुडघे धरून एकेक पायरी उतरलो, आणि शेवटच्या पायरीला असा पाऊस आला की समोरचं दिसेना.

आता खरी गोष्ट. स्टँडच्या खाली सिमेंटचा मोठा रस्त्यासारखा पट्टा असतो, खाण्याचे स्टॉल आणि बाथरूम असलेला. तिथे हजारो माणसं उभी. बसायला काही नाही. स्पीकरवर सांगितलं, तीस मिनिटांत परत सुरू करू. मी म्हटलं ठीक आहे, अर्धा तास काय, एसटी स्टँडवर याहून जास्त उभी राहिलेय. बावीस मिनिटं झाली, पाऊस कमी झाला, लोक पुढे सरकायला लागले, आणि परत सूचना, अजून तीस मिनिटं. कारण सांगितलं ते त्या घुमणाऱ्या स्पीकरवर कुणाला कळलंच नाही. मी लेकीला विचारलं, तिलाही माहीत नाही. अंगावर पिवळं जाकीट घातलेल्या एका मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ढग गेले की सांगू. ढग गेले की? ढग मला दिसत होते गेलेले! पश्चिमेला उजाडलं होतं चक्क.

परत सत्तावीस मिनिटं झाली. परत तीस मिनिटं.

तेव्हा मी चिडले. खरंच चिडले. पायाला मुंग्या आलेल्या, निऱ्यांना खालून पाणी लागलेलं, पैठणीचा काठ चिखलात जाऊ नये म्हणून एका हाताने उचलून धरलेला, आणि वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस बाथरूमच्या रांगेशेजारी उभं राहून चाललेला. लेकीला म्हटलं, कुणीतरी मोठं माणूस शोध आणि विचार. ती गेली आणि एका सिक्युरिटीच्या वयस्कर माणसाला घेऊन आली, अगदी शांत माणूस. त्याने नियम नीट समजावला आणि तिथेच माझा निम्मा राग उतरला. नियम असा, की स्टेडियमपासून आठ मैलांच्या आत कुठेही वीज पडली की घड्याळ परत शून्यावर येतं. शेवटच्या विजेपासून पूर्ण तीस मिनिटं विजेवाचून गेली तरच लोकांना बाहेर सोडतात. एकोणतिसाव्या मिनिटाला पडली तरी परत पहिल्यापासून. पाऊस आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही, कारण वीज पावसाच्या बाहेरही कित्येक किलोमीटर लांब जाऊन पडते. हे एवढं वाक्य पहिल्या वेळीच नीट सांगितलं असतं तर हजारो माणसांनी दर पाच मिनिटांनी दाराकडे धाव घेतली नसती. माझा राग नियमावर नाहीच. आमच्या गावात शेतात झाडाखाली उभा राहिलेला माणूस गेलेला मी पाहिलाय, विजेची चेष्टा मी कधीच करणार नाही. राग आहे न सांगण्यावर.

पण हे ऐकल्यावर आमच्या यांच्यात जीव आला! म्हणाले, आठ मैल म्हणजे साधारण तेरा किलोमीटर, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे चमकल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की समजायचं घड्याळ परत शून्यावर. आणि जाऊन उभे राहिले कठड्याच्या उघड्या बाजूपाशी, आतल्या अंगाला, हातातलं घड्याळ धरून. वीज चमकली की मोठ्याने मराठीत मोजायचे. एक, दोन, तीन. शेजारी एक मेक्सिकन कुटुंब होतं, त्यांची आजी माझ्याच वयाची, तिच्या नातवाने विचारलं काय करताय, यांनी सांगितलं. मग तो नातू, त्याचे दोन भाऊ, मग पलीकडचे कुणी, बघता बघता पंचवीस-तीस माणसं यांच्याभोवती. वीज चमकली की सगळे गप्प, आणि हे एकटे मोजतायत, "एकोणीस, वीस, एकवीस..." आणि गडगडलं की सगळ्यांचा एकदम "ओऽऽह"! हे भागाकार करून सांगायचे, सात किलोमीटर, परत अर्धा तास. आणि दोन-तीन मिनिटांनी स्पीकरवर तेच. तिसऱ्या वेळी तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलांना मराठी आकडे वीसपर्यंत पाठ झाले. मी यांच्याकडे बघत होते आणि मला दिसत होता तो आठवी-ब चा वर्ग, खडूने माखलेला हात आणि समोर साठ पोरं. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण वर्ग मिळाला की माणूस असा फुलतो.

त्या मेक्सिकन आजीला इंग्रजी फारसं येत नव्हतं, माझंही जेमतेम. तिने माझ्या पदराला हात लावून बघितला, जरीचे मोर बघितले, आणि तिच्या नातीचा फोटो दाखवला, मी माझ्या नातीचा दाखवला. दोघी दोन तास शेजारी होतो. तिच्या हातात जपमाळ, माझं मनात रामरक्षा. तिला कुठूनतरी घडीची खुर्ची मिळाली होती, ती अर्धा वेळ मला बसवायची. त्यावरून आठवलं, हे लिहून ठेवा. गुडघ्याचा त्रास असेल तर तिकीट घेतानाच अ‍ॅक्सेसिबल सीटिंग मागायची. पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, खाली यायला लिफ्ट असते, आणि बऱ्याच ठिकाणी पार्किंगपासून छोटी बॅटरीवरची गाडी सोडते. आम्ही मागितली नव्हती, आम्हाला वाटलं ती फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी असते. नाही, विचारलं की देतात.

एकोणतिसाव्या मिनिटाचं मी उदाहरण म्हणून लिहिलं नाही बरं का, ते खरंच झालं. यांच्या मोजणीच्या चौथ्या फेरीला अठ्ठावीस मिनिटं विजेवाचून गेली. लोकांनी हातातले कागदी पंखे, पोंचो सगळं आवरलं, लेकीने माझ्या निऱ्या ठीक केल्या, हे घड्याळाकडे बघतायत, एकोणतीस... आणि उत्तरेला बारीकशी चमकली. कुणी बोलेना. यांनी मोजायला सुरुवात केली. तीस, एकतीस, बत्तीस. मी देवाला म्हटलं चाळीस होऊ देत. छत्तीसला गडगडलं. बारा किलोमीटर.

मी तिथेच त्या खुर्चीत बसून रडले थोडी.

नात कुठे होती विचाराल तर सगळ्या पोरापोरींना जवळच्या इनडोअर प्रॅक्टिसच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. नातीचा मेसेज, "आजी आम्ही मजेत, तुम्ही बसलात ना?" सोबत फोटो. ग्रॅज्युएशनची ती चौकोनी टोपी आतून पुठ्ठ्याची असते, भिजली की पापडासारखी मऊ होते, म्हणून हिने हॉटेलमधली आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी तिच्यावर चढवलेली! तिचं बघून तिच्या मैत्रिणींनी डोक्याला पिशव्या बांधलेल्या. तो फोटो बघून मी हसले आणि मग पुढचा अर्धा तास बरा गेला.

बारा वाजता शेवटी सोडलं. खुर्च्यांवर पाणी, आमच्या बाकांवर पाणी, मी झिपलॉक पसरून त्यावर बसले, करंडा हातात. भाषण कापून टाकलं, गाणी कापली, एकेका कॉलेजचं नाव घेतलं, त्या कॉलेजची सगळी मुलं एकदम उभी राहिली, डिग्री दिली असं जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला. पंचवीस मिनिटांत संपलं. तीन तास उभं राहून पंचवीस मिनिटं, आणि त्या हजारो काळ्या डगल्यांत माझी नात मला दिसलीच नाही. मी ज्या ठिपक्याकडे हात हलवत होते ते दुसऱ्याच कुणाचं लेकरू निघालं. त्यालाही आशीर्वाद पोचला असेल.

म्हणून हे नीट वाचा. ग्रॅज्युएशनचे बहुतेक ठिकाणी दोन कार्यक्रम असतात. एक स्टेडियममधला सगळ्या युनिव्हर्सिटीचा, आणि एक तिच्या स्वतःच्या कॉलेजचा किंवा डिपार्टमेंटचा, तो हॉलमध्ये, तिथे एकेकाचं नाव घेऊन स्टेजवर बोलावतात. आजी-आजोबांची ताकद एकाच कार्यक्रमापुरती असेल तर तो दुसरा करा. त्याची तिकिटं मोजकी असतात, घरटी चार-पाच, म्हणून नातवंडाला आधीच सांगून ठेवा की आमची दोन धर. आम्हाला नशिबाने दुसऱ्या दिवशीचा मिळाला. छपराखाली. तिथे नाव वाचणाऱ्या बाईंसाठी मुलं आधीच आपला उच्चार रेकॉर्ड करून देतात. नातीने आदल्या महिन्यात फोनवर मला तीनदा म्हणून दाखवलं होतं आणि मी आडनावातला ळ तिच्याकडून घोटवून घेतला होता, कारण चार वर्षं तिथे सगळे ल म्हणत होते. त्या बाईंनी नाव घेतलं. ळ आला! अगदी स्वच्छ नाही, पण जीभ वळवून, प्रयत्न करून. हे जोरात "वाऽऽ" म्हणाले आणि मागचे लोक वळून बघायला लागले, बघू देत.

सायरनचं राहिलं. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता वादळाचे भोंगे टेस्ट करतात, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मी आणि हे घरात दोघंच, आणि गावभर भोंगा सुरू. आम्ही गॅस बंद केला, पासपोर्ट घेतले आणि जिन्याखाली जाऊन बसलो. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा बाहेर आलो. तर टॉर्नेडो वॉच आणि टॉर्नेडो वॉर्निंग यातला फरक जायच्या आधी समजून घ्या. वॉच म्हणजे येऊ शकतं, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे दिसलंय किंवा रडारवर आलंय, ताबडतोब खाली तळघरात, नाहीतर बिनखिडकीच्या खोलीत. आपल्याकडचं पुण्याच्या संस्थेने केलेलं दामिनी ॲप विजेसाठी चांगलं आहे, आमच्या फोनमध्ये आहे, पण ते भारतापुरतंच, तिथे त्याचा उपयोग नाही. आणि युनिव्हर्सिटीच्या सूचना विद्यार्थ्यांच्या ईमेलवर आणि फोनवर जातात, पाहुण्यांना नाही, तेव्हा नातवंडाला सांगा, आलेला प्रत्येक मेसेज घरच्या ग्रुपवर टाक.

साडीचं म्हणाल तर नेसाच, मी परत गेले तर परत पैठणीच नेसेन. तिथे चार अनोळखी बायकांनी फोटो काढून घेतले माझ्याबरोबर. फक्त खाली रबरी सँडल घाला आणि काठ दोन बोटं वर ठेवून नेसा. भिजली तर पिळायची नाही, सुती पंच्यात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत पसरायची. मी हॉटेलमध्ये बाथरूमच्या पडद्याच्या दांडीवर टाकली होती रात्रभर, आणि नात डिग्रीचा डगला घालूनच हेअर ड्रायर लांबून धरून काठ वाळवत बसली होती, पेढे खात.