चवडा रुंद, टाच अरुंद: खिरेश्वर ते पाचनई

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर खुबी फाट्यापासून खिरेश्वरपर्यंतचे पाचेक किलोमीटर पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून जातात. रस्ता सपाट, आणि म्हणूनच फसवा. सपाटीवर कुठलाही बूट छान वाटतो. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून घेतलेला बूट पहिल्या तासात कुरकुर करत नाही. तो चावतो ते तोलार खिंडीच्या चढावर, आणि नखं काळी करतो ते पाचनईच्या उतारावर. डिसेंबरमधल्या या दोन दिवसांच्या फेरीत गटातली निम्मी पावलं ‘नंबर बरोबर, पण बूट बसत नाही’ या जातीची होती: रुंद चवडा आणि अरुंद टाच, उंच पाठीचं पाऊल, अंगठ्याच्या सांध्याचं हाड बाहेर आलेलं, डावा-उजवा असमान. हा वृत्तांत अशाच पावलांसाठी आहे. गडाचा इतिहास भरपूर ठिकाणी वाचायला मिळतो.

आधी दिशेबद्दल. चढायचं खिरेश्वरकडून, उतरायचं पाचनईकडून. खिरेश्वरहून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत आरामात चालत चार तास लागतात, पाचनईकडे उतरायला दोन तास पुरतात. अवघड पावलांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, म्हणून लांब वाट चढायला आणि आखूड वाट उतरायला. अडचण एकच. स्वतःची गाडी खिरेश्वरला लावली तर ती आणायला ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा मोठा वळसा पडतो. भाड्याची गाडी सांगून ती दुसऱ्या दिवशी पाचनईला बोलवावी.

खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ पाहून होईपर्यंत पाय गरम झालेले असतात. लेस पहिल्यांदा नीट बांधायची ती इथे, घरून निघताना नव्हे. चालल्यावर पाऊल फुगतं, आणि बसमध्ये गच्च आवळलेली लेस इथपर्यंत पायाच्या पाठीवर वळ उमटवते.

तोलार खिंडीपर्यंतचा तास-सव्वा तास झाडीतून चढ. इथे टाच बोलायला लागते. चढताना प्रत्येक पावलाला टाच बुटाच्या मागच्या वाटीत वर-खाली होते. हे उचलणं चार-पाच मिमीच्या आत असेल तर चालतं. त्यापुढे गेलं की खिंडीतलं व्याघ्रशिल्प दिसायच्या आत फोड येतो. रुंद चवड्याच्या माणसाच्या नशिबी हा फोड जवळपास ठरलेलाच, कारण चवड्यासाठी त्याने मोठा बूट घेतलेला असतो आणि त्याची टाच त्यात खेळत असते.

ही मोठ्या नंबरची युक्ती मुळातच का फसते, ते आकड्यांत पाहा. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिमी. आठऐवजी नऊ घेतला की बूट साडेआठ मिमी लांब होतो, पण चवड्याभोवतीचा घेर वाढतो जेमतेम सहा मिमी, आणि तळव्याची रुंदी दोनेक मिमी. म्हणजे जे हवं होतं ते थोडं मिळालं, जे नको होतं ते भरपूर. शिवाय बूट वाकतो ती जागा पुढे सरकते. ती चवड्याच्या सांध्यावर यायला हवी. ती बोटांवर आली की चढताना बुटाची घडी थेट बोटांच्या मुळांवर दाबते. कमानीचा उंचवटाही पुढे सरकून चवड्याखाली टोचतो. अशा पावलाला हवा असतो त्याच नंबरचा, पण जास्त रुंद फर्म्यावर, म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट घडवतात त्यावर, बेतलेला बूट. जुने कारागीर फर्म्याला कलबूत म्हणतात. बूट बसतो की नाही हे तो ठोकळाच ठरवतो, पेटीवरचा आकडा नाही.

रुंदीची अक्षरं ओळखायला शिका. अमेरिकी मापात पुरुषांसाठी ‘डी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘२ई’ रुंद, ‘४ई’ फार रुंद. बायकांच्या बुटांत ‘बी’ सर्वसाधारण आणि ‘डी’ रुंद. पेटीवर काहीच लिहिलेलं नसेल तर बूट सर्वसाधारण रुंदीचा समजावा. न्यू बॅलन्स २ई आणि ४ई बनवते, कीन आणि अल्ट्रा यांचा बोटांकडचा भाग मोकळा असतो. परदेशातून कोणी येणार असेल तर या अक्षरांसकट माप कळवा, नुसता ‘नऊ नंबर’ नको. आपल्याकडे ही अडचण अनेकांना येते, याला आता मोजणीचाही आधार आहे: चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात लाखभर लोकांची पावलं मोजली, आणि भारतीय पावलं युरोपी-अमेरिकी मापांपेक्षा रुंद निघाली. त्यावरून ‘भा’ ही मापपद्धती सुचवली गेली.

माप घरी घ्यायचं ते संध्याकाळी, दिवसभर पायावर राहिल्यानंतर, ट्रेकचेच मोजे घालून. कडक फरशीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, वजन दोन्ही पायांवर, पेन्सिल अगदी उभी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मिमीमध्ये मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. मग शिंप्याची टेप अंगठ्याच्या सांध्यापासून करंगळीच्या सांध्यापर्यंत, पावलाभोवती तिरकी फिरवून घेर घ्या. दोन्ही पायांचं. बूट मोठ्या पायाला घ्यायचा, लहान पायाच्या बुटात आणखी एक पातळ इनसोल घालायचा. उलट कधीही नाही.

दुकानात पहिलं काम म्हणजे बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहणं. बोटांपुढे १२ ते १५ मिमी जागा हवी, आणि चवडा इनसोलच्या काठाबाहेर सांडायला नको. करंगळीकडून मांस बाहेर लोंबतंय असं दिसलं तर तो बूट पायात घालूनही बघू नका, मोह होतो. मग लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. लेस बांधून जिन्याच्या पायरीवर पुढचं टोक खाली करून उभे राहा. बोटं पुढे टेकली तर लांबी कमी आहे किंवा पाठीवरची पकड ढिली आहे. आवळून बांधल्यावर थांबली तर दुसरं. घरी नेल्यावर दोन संध्याकाळी फरशीवरच वापरा, सोल मळला की दुकानदार परत घेत नाही.

पुन्हा वाटेवर. खिंडीतच टाचेची कुलूपगाठ मारून घ्यावी. सर्वांत वरचं भोक रिकामं असेल तर लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालायची, म्हणजे बाहेर एक छोटा फासा राहतो. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की उजवी लेस डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून ओढायची, खाली टाचेच्या दिशेने खेचायची आणि मग गाठ. टाच मागे बसते, चवडा मोकळा राहतो. हुकांच्या उंच बुटात भोकं संपून हुक सुरू होतात तिथे लेसला साध्या एका पिळाऐवजी दोन-तीन पीळ द्या. खालची ढील खालीच राहते, वरचा ताण वर. फार रुंद चवड्याला बोटांजवळची पहिली दोन भोकं सरळ सोडून द्यावीत.

खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळ. कोरड्या दिवसांत सोपा, पण इथे बुटाच्या टोकावर उभं राहावं लागतं, आणि पुढे पोकळी असलेला मोठा बूट टोकाला दुमडतो. रबराचा फरकही इथेच कळतो. मऊ रबर कातळाला धरतं, कडक खाचांचा सोल घसरतो. स्वस्तातले हिरवे कॅनव्हासचे ‘हंटर’ बूट रुंद पावलाला मऊ पडतात हे खरं, पण पातळ सोलमधून दिवसभर दगड मोजावे लागतात. पावसाळ्यात जलरोधक पडद्याचा बूट घेऊ नका. पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर जात नाही.

कातळ संपला की देवळापर्यंत दीड-दोन तास टेकाडांची चढउतार. इथे उंच पाठीच्या पावलांची पाळी. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा आला तर तो बोटांचा दोष नसतो. पायाच्या पाठीवरून जाणारी नस लेसखाली दबलेली असते. उपाय अर्ध्या मिनिटाचा. ज्या जागी दुखतं तिथली लेसची फुली काढा, दोन्ही लेस आपापल्या बाजूने सरळ वरच्या भोकात न्या, त्यापुढे पुन्हा फुल्या. बुटाची जीभ एका बाजूला सरकली असेल तर तीही मध्ये आणा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

देवळाशी पोचल्यावर बूट काढा आणि मोज्याखालची कातडी पाहा. मोज्याच्या विणीचे ठसे सगळीकडे सारखे असतील तर ठीक. एखाद्या ठिकाणी ठसा नाही आणि कातडी चकचकीत लाल आहे, तिथे उद्या फोड येणार. रात्रीच कागदी टेप लावा, सुरकुती न पाडता, कडा गोल कापून. केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्यातून लिंगाला फेरी मारायचा मोह सगळ्यांना होतो. मारा, पण नंतर पाय पूर्ण कोरडे करूनच मोजे घाला. भिजून पांढरी पडलेली कातडी लगेच सोलते. सुती मोजे दुसऱ्या दिवशी ओलेच राहतात, म्हणून लोकरीमिश्रित किंवा सिंथेटिक दोन जोड. कोकणकड्यावर मुक्काम असेल तर बूट तंबूच्या आत, इनसोल बाहेर काढून. सकाळी उलटे आपटून मगच घाला, विंचवाला ती जागा आवडते.

पाचनईची उतरण लटकत्या कातळभिंतीच्या कडेने जाते. सावली आहे, वाट मोठी आहे, पण पायऱ्या-पायऱ्यांचा उतार सतत. निघण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा आणि घोट्याजवळची लेस चढापेक्षा एक माप घट्ट करा. बोटांजवळ मात्र नाही. नखं ट्रेकच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापलेली असावीत. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात, न कापता आलात तर अंगठ्याचं नख महिनाभर काळं.

याच उतारावर एका बुटाचा सोल टाचेपासून सुटून टाळ वाजवायला लागला. कारण नेहमीचंच. सोलचा पॉलियुरेथेन फोमचा मधला थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि न वापरता कपाटात पडलेला बूट वापरातल्यापेक्षा लवकर जातो. चार-पाच वर्षं जुना बूट असेल तर आठवडाभर आधी अंगठ्याने मधला थर दाबून पाहा. भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर तो नेऊ नका. सोबत चार केबल टाय आणि पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली दोन मीटर डक्ट टेप असू द्या. टाय बुटाच्या कमानीतून घ्यायचे, चवड्याखालून नाही, तिथे ते पाचशे पावलांत झिजून तुटतात.

चामड्याचा बूट फक्त एका जागी, समजा अंगठ्याच्या हाडाशी, दाबत असेल तर टाकून देऊ नका. मोच्याकडून तेवढीच जागा फर्म्यावर ताणून घेता येते. दुखऱ्या जागेवर खडूने खूण करून द्या. रुंदीत तीन-चार मिमी मिळतात, लांबीत काही नाही. सिंथेटिक बूट ताणत नाही. नव्या बुटाची तालीम पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर होत नाही. आतकरवाडीहून सिंहगड दोन-तीनदा चढून उतरा, पाठीवर ट्रेकचंच वजन घेऊन.

पाचनईला गाडीत चप्पल ठेवलेली असावी. बूट घरी गेल्यावर वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा, कागद रात्रीतून एकदा बदला. गच्चीवरच्या उन्हात ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो.