आडवा जड माउस

"माउस मंद नाही रे झाला. आडवा जड झालाय. उभा नीट चालतोय."

कोल्हापुरातल्या एका छापखान्यात डीटीपीवर बसणाऱ्या काकूंनी हे मला सांगितलं. तक्रारवहीत मात्र त्याचं नुसतं 'माउस स्लो' झालं होतं आणि पुढच्या रकान्यात 'माउस बदलला' असा शेरा होता. त्याच्या खालच्या ओळीतही पुन्हा तेच. पंचवीस वर्षं पानं लावणारी बाई आडव्या-उभ्यातला फरक सांगते आणि ऐकणारा तो लिहूनही घेत नाही, याचा मला अजून राग येतो.

हंगाम दिवाळी अंकांचा. इथली जुनी पानं पेजमेकर या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लावलेली आहेत, तीही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत. नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली की जोडाक्षरं फुटतात, ओळी सरकतात. म्हणून लिनक्सवर क्यूईएमयू (संगणकाच्या आत दुसरा, खोटा संगणक चालवणारा प्रोग्रॅम), त्यात विंडोज एक्सपी आणि त्यात पेजमेकर अशी मांडणी आहे. एक्सपीचा पडदा दाखवायला एका कंत्राटदाराने छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय, तो व्हीएनसीने, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा पडदा बघायच्या आणि त्याला माउसचे निरोप द्यायच्या पद्धतीने, क्यूईएमयूला जोडतो. साध्या खिडकीत सगळं ठीक चालायचं. फुल स्क्रीन केलं की काकूंचा हात अडायचा.

सपोर्टच्या मुलाने एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माउसचा वेग शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. त्याने काहीच फरक पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. साधा पीएस/२ (जुन्या गोल पिनचा) माउस फक्त 'इतका सरकलो' एवढंच कळवतो. त्यावर एक्सपी स्वतःचा वेग चढवतं, त्यामुळे बाहेरचा आणि आतला पॉइंटर एकमेकांपासून लांब जात राहतात. ही कटकट टाळायला क्यूईएमयूमध्ये यूएसबी टॅब्लेट नावाचं सोंग असतं. ते सरकल्याचं अंतर न सांगता थेट जागा सांगतं, दोन्ही दिशांना ० ते ३२७६७ या मापात. मग एक्सपीच्या वेगाच्या पट्टीला करण्यासारखं काही उरत नाही. इथे टॅब्लेट लावलेला होता, म्हणजे चूक एक्सपीत शिरण्याआधीच होत होती.

छापखान्यात स्टीलची फूटपट्टी शोधावी लागत नाही. आधी लिनक्सकडचं माउसचं वेगवर्धन, म्हणजे हात जोरात हलला की पॉइंटर जास्त पळवणं, बंद केलं. एक्सपीत पेंट उघडलं, कारण त्याच्या खालच्या पट्टीत पॉइंटरची जागा आकड्यांत दिसते. फूटपट्टीला टेकवून माउस ठरावीक अंतर उभा सरकवला, मग तेवढाच आडवा. खिडकीत दोन्ही आकडे सारखे आले. फुल स्क्रीनमध्ये उभा ४०० बिंदू गेला तर आडवा ३०० च्या आसपास. काकूंच्या हाताने पट्टीशिवाय ओळखलेला फरक पाऊण पटीचा होता.

पाऊण म्हटल्यावर नजर आपोआप पडद्याच्या कडांकडे गेली. मॉनिटर १९२० बाय १०८०, एक्सपी १०२४ बाय ७६८. पूर्ण उंचीला ताणलं की चित्र १४४० रुंद होतं आणि डावी-उजवीकडे २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या उरतात. दोन्ही मिळून ४८०, म्हणजे १९२० चा बरोबर चौथा हिस्सा. प्रोग्रॅम आडवी जागा काढताना चित्राच्या रुंदीने भागायच्या ऐवजी सगळ्या पडद्याच्या रुंदीने भागत होता. पडद्याच्या मधोमध चूक शून्य, चित्राच्या डाव्या-उजव्या कडेला १२८ बिंदू. फुल स्क्रीनमध्ये बाहेरचा पॉइंटर लपवलेला असल्याने हा फरक डोळ्यांना दिसायची सोयच नव्हती. प्रत्येक बटणापर्यंत पोचता येत होतं, क्लिक बरोबर लागत होतं. क्लिक लागतंय एवढंच बघणाऱ्या कुठल्याही चाचणीत हा प्रोग्रॅम पास झाला असता.

कंत्राटदाराला गणित लिहून पाठवलं: आधी २४० वजा करा, मग १४४० ने भागा. त्यांनी ते केलं, पण सोबत काळ्या पट्टीत घडणारं सगळं टाकून द्यायचं ठरवलं. व्हीएनसीत पॉइंटरचा निरोप सहा बाइटचा असतो आणि बटण दाबलेलं आहे की सुटलंय हे त्याच निरोपातून जातं. काकूंनी मजकुराची चौकट उजव्या कडेला ओढली, पॉइंटर पट्टीत गेला, तिथे बोट उचललं. बटण सुटल्याचा निरोप आत गेलाच नाही. चौकट तशीच लटकत राहिली आणि पॉइंटर परत चित्रात आला तेव्हा भलत्याच उंचीवर पडली. हे ऐन पान छपाईला जायच्या घाईत. पट्टीतले निरोप टाकायचे नसतात, ते चित्राच्या कडेला दाबून पुढे पाठवायचे असतात, हे फोनवर समजावताना माझा आवाज चढला होता.

आता आडवं-उभं सारखं आहे आणि चौकटी सोडल्या तिथेच पडतात. पण पॉइंटर कडेला टेकल्यावरही हात पट्टीत २४० बिंदू पुढे जाऊ शकतो. परत येताना तेवढं अंतर माउस हलतो आणि पॉइंटर जागचा हलत नाही. यावर इलाज आहे: बाहेरचा पॉइंटर चित्राच्या चौकोनातच कोंडायचा आणि कंट्रोल-आल्ट दाबलं की सोडायचा. मी तो करून दाखवला. काकूंच्या उजव्या हाताला दुसरा मॉनिटर आहे, त्यावर लेखकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या उघडलेल्या असतात. ओळ वाचायला त्या सारख्या तिकडे जातात.

"दर वेळी दोन बटणं दाबू? त्यापेक्षा तुझी ती मेलेली पट्टी बरी," काकू म्हणाल्या. सध्या पट्टी ठेवली आहे. पॉइंटर चौकोनात कोंडायचा, पण उजव्या कडेवर जोराने ढकलला तर बाहेर जाऊ द्यायचा, असं काही जमतंय का ते बघतोय. किती जोर म्हणजे 'जायचंय' आणि किती म्हणजे नुसता स्क्रोलबार गाठायचाय, हे काकूंच्या शेजारी बसून मोजावं लागेल. अंक छापून बाहेर पडेपर्यंत तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही.