डावीकडचा खटखटाट

पंधरा दिवसांपासून खड्ड्यातून गेलं की पुढून डावीकडे ‘खट्’ वाजायचं. रविवारी खंबाटकी घाट उतरताना स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी डावीकडे ओढायला लागली. मागे आई बसलेली. पोटात गोळाच आला.

आज मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली आधाराला घोडी (स्टँड) लावली आणि चाक घड्याळातल्या नऊ-तीनवर धरून हलवलं. चाक डुगडुगलं. मग बारा-सहावर धरून हलवलं, तिथे घट्ट. म्हणजे चाकाला आधार देणारे बॉल जॉइंट आणि बेअरिंग शाबूत, गेलाय टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. “दादा, इथे बोट ठेवा,” म्हणाले आणि पोराला स्टिअरिंग हलवायला सांगितलं. तो सांधा बोटाखाली चक्क उडत होता! त्यावरचं रबरी कव्हर (बूट) चिरलेलं, ग्रीस वाहून गेलेलं, आत नुसती माती. टायरही एका कडेने गुळगुळीत झालेला.

दुसऱ्या बाजूचाही थोडा सैल होता, म्हणून दोन्ही बदलले. जुना सोडवताना मिस्त्री पुटपुटत आटे मोजत होते, साडेसतरा. चाकाची दिशा तीच राहावी म्हणून नवा तेवढ्याच आट्यांवर बसवला, नट आवळून तो सुटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घातली. तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मशीनवर जुळवणं, करायलाच लावलं. “अंदाजावर गाडी सोडणार नाही,” म्हणाले. या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

आवाज येत असेल तर प्लीज थांबू नका, आजच दाखवा. मी पंधरा दिवस घरच्यांना घेऊन तशीच गाडी चालवली, ते आठवून अजून अस्वस्थ व्हायला होतं.

संध्याकाळी आईला घेऊन त्याच खड्ड्यांतून गेलो. आवाज नाही. तिला डुलकी लागली होती.