मागच्या पायरीवरचा माणूस

दुपारी भांडी घासताना काचेचा पेला हातातून निसटला. पेला फुटल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण पुढचं काम माझ्या आवडीचं असतं. जुना पेपर दुहेरी घ्यायचा, मोठे तुकडे आधी, चुरा त्यावर, चारही बाजूंनी घडी, मग चिकटपट्टी, आणि वर जाड पेनाने लिहायचं: ‘काच’. ‘इतकं नीट बांधलंस तर आत काहीतरी किमती असेल म्हणून उघडून बघतील,’ असं नवरा एकदा म्हणाला. तेव्हापासून मी ‘फुटकी काच, उघडू नका’ असं लिहिते. शाळेत निबंधाच्या वहीतही माझं अक्षर इतकं सुवाच्य नव्हतं.

लहानपणी मला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पायरीवर उभा असलेला माणूस व्हायचं होतं. गाडी वळली की एका हाताने दांडी धरून तो बाहेर झुकायचा, ती पुरती थांबायच्या आत खाली उडी, डबा उपडा, आणि मग पत्र्यावर दणकन एक थाप. त्या थापेसरशी ती एवढी थोरली गाडी निमूट चालायला लागायची! ‘अभ्यास केला नाहीस तर कचरा उचलावा लागेल’ ही धमकी आमच्याही घरात होती. माझ्यावर तिचा नेमका उलटा परिणाम व्हायचा. शंका एकच होती. पाऊस आला की हा माणूस कुठे बसतो? मोठ्यांना विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या शंकेचं एक उत्तर पुढे कधीतरी वाचनात आलं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत होता. दोन सफाई कामगार आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात, कचरा दाबायच्या यंत्रापाशी शिरले. यंत्र अचानक सुरू झालं. दोघेही त्यात चिरडून मेले. काही दिवसांतच तिथले सुमारे १,३०० कामगार संपावर गेले, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. मागण्या पगाराच्या होत्या, सुरक्षिततेच्या होत्या, पण मोर्चातल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असायचं: ‘मी माणूस आहे.’ त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला त्याच शहरात मारले गेले. किंग गेले हे शाळेत शिकलो आपण. ते तिथे कुणासाठी गेले होते, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या मर्ल लेडरमन युकलीझ या कलावतीने १९७९-८० मध्ये वेगळीच गोष्ट केली. शहरातल्या ८,५०० सफाई कामगारांना गाठून तिने एकेकाशी हस्तांदोलन केलं आणि ‘न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल आभार’ असं प्रत्येकाला म्हणाली. आधी मला हा कलावंतांचा चाळा वाटला. मग ८,५०० हा आकडा डोक्यात घोळायला लागला. तेच वाक्य, तोच हात पुढे करणं, उद्या पुन्हा तेच. भाषण देऊन एका दुपारीत उरकता आलं असतं. पण ज्याच्या वाट्याला रोज तोच रस्ता आणि तेच डबे येतात, त्याचे आभारही असेच मानावेत, हे मला फार पटलं.

मी स्वतः या मंडळींशी काय बोलते, ते आठवून पाहिलं. ‘दादा, थांबा थांबा!’ ‘काल गाडी आली नाही का?’ ‘तेवढं कोपऱ्यातलंही घ्या.’ संपला संवाद.

म्हणून परवा ठरवून खाली गेले. कचरा वेगळा करणाऱ्या मावशींचे हातमोजे कमरेला खोचलेले होते. म्हटलं, ‘मावशी, मोजे घाला ना, लागेल हाताला.’

‘ह्या गाठी मोजे घालून सुटतात होय?’ एक करकचून बांधलेली पिशवी त्यांनी माझ्यासमोर धरली. ओलं-सुकं सगळं एकत्र कोंबून कुणीतरी दोन गाठी मारलेल्या. नखाने एक सैल केली, दुसरी निघेना, तेव्हा दातओठ खात पिशवीच फाडली. आतलं डायपर एका बाजूला, बाटल्या दुसरीकडे.

आभाराचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ‘ताई, बाजूला व्हा, गाडी मागं येतेय,’ असं त्या ओरडल्या, आणि मी झाले बाजूला.