जुन्या डेस्कटॉपला नवी एसएसडी

आज अखेर मुहूर्त लागला. जुना डेस्कटॉप उघडला आणि त्यात साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) बसवली. 'एनव्हीएमई (त्याहून वेगवान एसएसडी) घे' असं सगळे सांगत होते, पण या मदरबोर्डवर ती बसवायचा एम.२ स्लॉटच नाही. वेगळं कार्ड लावून बसवली तरी एवढं जुनं बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) त्यावरून बूट करेल याची खात्री नाही. कशाला नसता उपद्व्याप!

बोर्डवर साटा पोर्ट दोन रंगांचे निघाले. पांढरे ६ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) वेगाचे, निळे ३ चे. केबल दोन्हींत सारखीच बसते, त्यामुळे वेग निम्मा झाला तरी पत्ता लागत नाही. टॉर्च मारून पोर्टशेजारची बारीक अक्षरं वाचली, मगच केबल खोचली. खरं तर ३ वर लावली असती तरी रोजच्या कामात फारसं जाणवलं नसतं. हार्ड डिस्कचं रडगाणं वेगळंच असतं: फाइल शोधायला हेड तबकडीवर इकडून तिकडे न्यायचं, आणि दर खेपेला ८-१० मिलिसेकंद घालवायचे. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. म्हणून तर ब्रॅकेट नसतानाही ती आत नुसती चिकटपट्टीने लावली, बिनधास्त.

क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर उतरवणं, निवांत पार पडलं. बायोसमध्ये ड्राइव्हशी बोलायची पद्धत जुन्या आयडीईऐवजी एएचसीआय आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. नंतर बदलायला गेलात तर विंडोज बहुधा निळा स्क्रीन दाखवतं.

जुनी हार्ड डिस्क काढली नाही. फोटो आणि गाणी तिच्यावरच राहू देत. बॅकअप मात्र वेगळ्या ड्राइव्हवर आहे, कारण या जुन्या डिस्कच्या वयाचा भरवसा नाही.

पुढचा नंबर रॅमचा. डीडीआर३ (जुन्या पिढीच्या रॅम) ची ८ जीबीची पट्टी कुणाकडे पडून असेल तर कळवा.